अपंग विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती कॉलेजात इंटर्नशिप मिळतेय. मी ख्रिस्ती नाही, अनुभवही शून्य. जाऊ का?

जा. धर्माची धास्ती तुम्ही घेतलीये, पण परीक्षा होणार आहे ती तुमच्या हातांची आणि तोंडाची. दोन्ही आवरता आले तर निभावाल.

मी अशाच एका निवासी कॉलेजात सहा महिने इंटर्न होतो. मीही ख्रिस्ती नाही. विद्यार्थी बौद्धिक अक्षमता असलेले, वय 18 ते 25. शिकायचं काय, तर स्वयंपाकघरातलं काम, बागकाम, पैशांचा हिशेब, एकट्यानं बसचा प्रवास. निदान करताना नुसता बुद्ध्यंक बघत नाहीत, रोजचे व्यवहार किती जमतात तेही बघतात. म्हणजे सगळ्या बसचे नंबर तोंडपाठ असलेला माणूसही सुटे पैसे मोजताना अडू शकतो. यात विरोधाभास काही नाही, पण पहिल्या आठवड्यात आपण चक्रावतो खरे. आणि हो, त्यांना 'मुलं' म्हणू नका. मला ही सवय मोडायला महिना लागला.

आता माझी चूक सांगतो. कपडे धुण्याच्या यंत्रावर एकाला तयार करायचं होतं. अशा ठिकाणी कामाचे बारीक तुकडे पाडतात, त्याला टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. आमचे नऊ तुकडे होते: दार उघडणं, कपडे टाकणं, दार लावणं, पावडर घालणं, असे. हा गडी दार लावून थांबायचा. दोन सेकंद गेले की माझ्याच्यानं राहवायचं नाही, मी म्हणायचो, "आता पावडर." तो लगेच पावडर घालायचा आणि मी स्वतःवर खूश. तिसऱ्या आठवड्यात प्रशिक्षिकेनं मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तो नऊ नाही, दहा पायऱ्या शिकलाय. दार लावल्यावर तुमच्या तोंडाकडे बघायचं, ही दहावी." मी निमूटपणे ऐकून घेतलं.

तोंडी सूचना देणं सगळ्यात सोपं आणि नंतर काढून घेणं सगळ्यात अवघड. बोटानं दाखवलं तर उद्या बोट जरा लांब ठेवता येतं, परवा नुसती नजर वळवता येते. शब्द असा हळूहळू कमी करणं फार अवघड. मग आम्ही यंत्रावर चित्रांची कार्डं लावली आणि माझी जागा त्याच्या पाठीमागे ठरली. तो थांबला की मी मनात वीसपर्यंत आकडे मोजायचो. पहिल्या दिवशी तो वळला, मी खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा वळला, मी पुन्हा खिडकी. मग त्यानं चौथ्या कार्डावर बोट ठेवलं, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि पावडरीचा डबा उचलला. निम्मी पावडर जमिनीवर सांडली. ती पुसायलाही मी गेलो नाही, आणि त्या दिवसाचं खरं काम तेच होतं.

अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी 1972 मध्ये यावर एक लेख लिहिला होता. अपंग माणसालाही धोका पत्करण्याचा मान हवा, प्रत्येक ठेच आपण आधीच झेलली तर त्याचं माणूसपणच काढून घेतो, असा त्याचा रोख. वाचताना पटतं. पण समोर कुणी सुरीनं कांदा चिरत असलं की पटत नाही, हेही खरं.

आता धर्माचं. अर्ज भरण्यापूर्वी सरळ विचारा: श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा मला मान्य आहे असं लिहिलेल्या कागदावर, सही करावी लागते का, प्रार्थनासभेला हजेरी सक्तीची आहे का? काही संस्था सही मागतात. पटत नसेल तर खोटी सही करू नका, दुसरीकडे जा. आमच्याकडे बसणं सक्तीचं होतं, प्रार्थना म्हणणं नव्हतं.

कान मात्र उघडे ठेवा, कारण कर्मचारी ज्या गोष्टींवर उभे असतात त्या तिथेच कळतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांधाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. 'मागच्या जन्मीचं' वगैरे ऐकत मोठा झालेल्या मला ते चांगलंच लागलं. आणि बायबलमधलाच मफीबोशेथ. दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी पंगू झालेला राजघराण्यातला मुलगा. दावीद राजा त्याला रोज आपल्या पंगतीला बसवतो. पाय शेवटपर्यंत बरे होत नाहीत, जागा मात्र पक्की.

याच्या उलटही एकदा बघितलं. एका पाहुण्यानं न विचारताच चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना सुरू केली. तिनं 'आमेन' होऊ दिलं आणि मग सांगितलं, "लिफ्ट तीन दिवस बंद आहे, तिच्यासाठी पण करा." विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रार्थना बहुतेक अशाच असायच्या: बसची चाचणी, रुसलेली मैत्रीण, आजारी कुत्रा.

मुलाखतीत आणखी विचारा: अंघोळ, शौचास मदत, उचलणं हे तुमच्याकडे येणार का, आणि येणार असेल तर शिकवणार कोण? औषधं कोण देतं? फिट आल्यावर काय करायचं हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या, कारण बौद्धिक अक्षमतेसोबत अपस्मार बऱ्याच जणांना असतो. तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका. विद्यार्थ्यासोबत बंद खोलीत एकट्यानं थांबू नका, परवानगीशिवाय फोटो नको. मानधनाची फार आशा ठेवू नका.

आणि जाण्याची तारीख पहिल्या दिवशीच सांगून टाका. मी लांबवत राहिलो. शेवटच्या आठवड्यात कळल्यावर त्या यंत्रवाल्यानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी माझ्या मळक्या चादरी उचलून घेऊन गेला आणि मला लॉन्ड्रीच्या दाराबाहेरच थांबवलं.