जखमी भटका कुत्रा आणि रिकामा खिसा

खर्चाचं नंतर बघू, आधी स्वतःचा हात सांभाळा. दुखावलेलं कुत्रं कितीही गरीब असलं तरी चावतं. ओढणीचा फास तोंडाभोवती घालून गाठ कानांमागे बांधा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर मात्र तोंड बांधू नका. उचलताना पोतं किंवा फळी खाली सरकवा, पाय धरून ओढू नका. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्या.

जखम धुवायला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ पुरतं. सुई नसलेल्या सिरिंजने धार मारा. रक्त वाहत असेल तर धुणं राहू द्या. स्वच्छ फडकं 5 मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- क्रोसिन, कॉम्बिफ्लाम देणं. माणसाच्या गोळ्यांनी यकृत, मूत्रपिंड निकामी होतं.
- जखमेतल्या अळ्यांवर फिनेल, पेट्रोल, टर्पेंटाइन ओतणं. कातडी भाजते, कुत्रं ते चाटतं.

पैशांसाठी आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फी नाममात्र असते. मुंबईत प्राण्यांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. खाजगीत गेलात तर बजेट आधीच सांगा, लाजू नका. टाके, औषधं वगैरे पुढचं डॉक्टर बघतील.