नऊवरून थेट बारावर

"मॅडम, माझंपण आईसारखंच होणार का हो?" बाईंनी बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) वय 64, सांगलीत उभी हयात गणित शिकवलेलं. आईला शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता.

निमित्त ताई ची या सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामाचं. आमराईत मैत्रिणींबरोबर मोबाइलवर बघून 24 हालचालींचा क्रम शिकत होत्या. चार महिने झाले तरी गाडी मध्येच अडायची. साठीनंतर नवं काही शिकणारे बरेच जण हीच धास्ती घेऊन येतात: आठवत नाही, म्हणजे डोकं चाललं का?

मी टीपॉय सरकवला. "करून दाखवा."

नवव्या हालचालीपर्यंत सुरेख. नववी म्हणजे 'एकेरी चाबूक'. तिथून त्या थेट बारावीवर गेल्या आणि थबकल्या. यादी काढून पाहिली, तर अकरावीही 'एकेरी चाबूक'च! मधली दहावी, 'ढगांसारखे हात', गळाली होती.

"बाई, आरतीत ध्रुवपद आलं की एखादं कडवं गळतं ना, तसं झालंय."

दुधाचा हिशेब, औषधांच्या वेळा, नेहमीचे रस्ते, सगळं विचारलं. कुठं अडत नव्हतं. तरी आईचं आजारपण लक्षात घेऊन डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यायला सांगितलंच. ते काम माझं नव्हे.

ताई ची मूळची युद्धकला, 17व्या शतकापासूनची. हा 24चा क्रम मात्र 1956 साली चीनच्या क्रीडा खात्यानं सामान्य माणसांना शिकायला सोपं जावं म्हणून बसवला. चीगाँग या चिनी साधनेत हालचाल, श्वास आणि लक्ष एकत्र आणायचं असतं. त्या अंगानं केलं तर एकच हालचाल घोळवत राहिलं तरी चालतं. म्हटलं, "महिनाभर फक्त दहावी करा."

गुडघे किंचित सैल. वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर. एक हात चेहऱ्यासमोरून, दुसरा पोटासमोरून. कंबर वळेल तेवढेच हात वळणार. बाईंचे पाय छान सरकत होते, पण ओठ पुटपुटत होते: एक, दोन, तीन... आणि श्वास अडकलेला.

"मोजू नका."

"मोजू नको? मग करू काय?" गणिताच्या बाईंना हे सगळ्यात अवघड गेलं.

पाच आठवड्यांनी आल्या. तपासणीत काळजीचं काही निघालं नव्हतं. "परवा सगळा क्रम करून बघितला. परत बारावर गेले की!"

"मग?"

"मग काय, हसले. आणि दहावर येऊन तिथंच रमले. मैत्रिणी पुढे गेल्या, जाऊ देत."