नाण्यावर १२९३ आहे, म्हणजे ते सुलतान पाचव्या मुरादचंच का?

पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होते, त्यांच्या ट्रंकेत १२९३ लिहिलेलं चांदीचं तुर्की नाणं निघालं आणि कोणीतरी सांगितलं की हे पाचव्या मुरादचं, लय दुर्मिळ, असं तुम्ही विचारलंय. पणजोबांचं पटतं, कारण पुण्याची सहावी डिव्हिजन तिकडेच होती, १९१६ ला कूत गावात तुर्कांना शरण गेली ती हीच. पण मुरादचं नाव ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. मी एकदा हुरळलो होतो, प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून असंच 'मुराद' म्हणून अडीच हजारांना घेतलं आणि घरी येऊन भिंगातून बघतो तर ते त्याच्या भावाचं.

घोळ असा आहे की या नाण्यांवर पाडल्याचं साल नसतं, तुर्कस्तानचा (ऑटोमन) सुलतान गादीवर आला ते हिजरी साल असतं, आणि १२९३ मध्ये म्हणजे १८७६ ला दोन सुलतान गादीवर आले. ३० मे ला अब्दुल अझीझला काढून त्याचा पुतण्या मुराद बसवला. पाचच दिवसांत काका मनगटाच्या नसा कापलेल्या अवस्थेत मेलेला सापडला, आत्महत्या की खून यावर लोक अजून भांडतात. मग जूनमध्ये हसन नावाच्या एका अधिकाऱ्याने मिधत पाशा या मंत्र्याच्या घरी मीटिंग चालू असताना घुसून युद्धमंत्र्याला आणि परराष्ट्रमंत्र्याला मारलं. मुराद तसा शिकलेला, पियानो वाजवणारा, युरोप बघून आलेला माणूस, पण या सगळ्यात त्याचं डोकंच फिरलं, आणि ३१ ऑगस्टला वेडा ठरवून त्यालाही उतरवला. एकूण ९३ दिवस. पुढची २८ वर्षं, १९०४ ला मरेपर्यंत, चिरागान महालात नजरकैद. एवढ्याशा काळात टांकसाळीतून किती माल निघणार, म्हणून त्याची नाणी दुर्मिळ.

त्याच्या जागी आलेला धाकटा भाऊ अब्दुल हमीद दुसरा मात्र १९०९ पर्यंत टिकला आणि तेवढी सगळी वर्षं १२९३ च छापत राहिला!

त्यामुळे १२९३ सोडा, दुसरा छोटा आकडा शोधा. ते राज्यवर्ष, आपल्या मुघल रुपयावर जुलूस असतो ना तसंच. तो २ किंवा त्याच्या वर असेल तर विषय संपला, अब्दुल हमीद. १ असेल तरच आशा, कारण पहिलं वर्ष दोघांचंही आहे. मग तुघरा, म्हणजे ती वेलबुट्टीसारखी सही, वाचणाऱ्याला दाखवा. दोघे एकाच बापाचे, त्यामुळे त्यात 'बिन अब्दुल मजीद' दोघांच्याही असतं, फरक फक्त स्वतःच्या नावाचा. तुघऱ्याच्या उजवीकडे 'अल-गाझी' ही पदवी लिहिलेली दिसली तरी अब्दुल हमीदच, माझ्यावर तेच होतं.

जाता जाता, हैदराबादच्या निजामाची सून निलोफर या मुरादची पणती, म्हणजे मराठवाड्याच्या तेव्हाच्या सरकारशी त्याचं सोयरिकीचं नातं निघतं.

दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उन्हात, फ्लॅश न लावता. आणि तोवर चिंच लावून घासू नका प्लीज, काळं पडलंय तसंच राहू द्या.