मेलाटोनिन घेतलं की ड्रग्सपासून मेंदू वाचतो का?

तुम्ही विचारलंय की लहान भाऊ एमडी (मेफेड्रोन नावाचं ड्रग) घेतो, त्याच्या दोस्तानं सांगितलं की सोबत मेलाटोनिनची गोळी घेतली तर मेंदू सेफ राहतो आणि नेटवर तसा रिसर्चही सापडतो, तर गोळी सुरू करून द्यायची का. मी फार्माकॉलॉजीत एम.फार्म. केलंय आणि नागपुरात मेडिकल स्टोअर चालवतो म्हणून लिहितो. रिसर्च खोटा नाही जी, पण दोस्त जे सांगतोय ते त्यातून निघत नाही.

मेलाटोनिन म्हणजे अंधार पडला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून निघणारं हार्मोन. सगळे त्याला झोपेचं म्हणूनच ओळखतात, पण ते फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, पण निकामी करतं, 1993 पासून यावर बरंच काम झालंय. नेटवरचा तो रिसर्च आहे मेथ या ड्रगवरचा. मेथ म्हणजे मेथअँफेटामिन घेतलं की मेंदूच्या पेशीत बारीक पिशव्यांमध्ये बंद असलेलं डोपामिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं केमिकल) बाहेर सांडतं, ते तिथंच ऑक्सिडाइझ होतं, त्यातून फ्री रॅडिकल्स तयार होतात, पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया बंद पडतात आणि हळूहळू डोपामिनवाल्या तंतूंची टोकंच खराब होतात. मेलाटोनिन रक्तातून मेंदूत आरामात शिरतं, त्यामुळे काचेच्या डिशमधल्या पेशींत आणि उंदरांत हे नुकसान कमी झालेलं दिसलं. इथपर्यंत सगळं बरोबर.

आता डोस बघा. समजा उंदराला किलोमागे 10 मिलिग्रॅम दिलं. माणसासाठी सरळ गुणाकार करायचा नसतो, उंदराच्या डोसला साधारण 12 नं भागतात, तरी 60 किलोच्या पोराला 50 मिलिग्रॅमच्या आसपास येतं आणि काउंटरवर लोक मागतात ती गोळी असते 3 नाहीतर 5 ची! म्हणून 10 गोळ्या एकदम द्या असं अजिबात म्हणत नाहीये मी, माणसात हा उपाय म्हणून सिद्ध झालेलाच नाही. शिवाय उंदरांना बहुतेक वेळा ड्रगच्या आधी किंवा सोबतच मेलाटोनिन दिलेलं असतं, वर्षभर घेऊन झालेल्या नुकसानीवर नाही. आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते मेथचं नातेवाईक असलं तरी वेगळं केमिकल आहे, त्यात पुडीत नेमकं काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही, ती म्हणजे गरमी. या टाइपच्या ड्रग्सनी अंगाचं तापमान चढतं, आणि मेथवर केलेल्या प्रयोगांत खोली गरम ठेवली तर उंदरांच्या मेंदूचं नुकसान वाढतं, थंड ठेवली तर बरंच कमी होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, कूलर पण गरम हवाच फेकतो बाप्पा, त्यात हा पोरगा रात्रभर जागा, पाणी नाही. अंग तापलं, बडबड सुरू झाली, छाती धडधडायला लागली तर गोळीबिळी शोधत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

सोडल्यानं काही फायदा होतो का, तर हो. 2001 मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-संशोधक नोरा वोल्कोव यांच्या टीमनं मेथ सोडलेल्या 5 जणांचे मेंदूचे स्कॅन पुन्हा काढले, 12 ते 17 महिन्यांनी डोपामिन ट्रान्सपोर्टर (डोपामिन परत पेशीत ओढणारी प्रथिनं) बऱ्यापैकी वाढलेले दिसले, म्हणजे मेंदू स्वतः सावरतो. पण स्मरणशक्ती आणि हालचालींच्या टेस्ट तेवढ्या सुधारल्या नव्हत्या, म्हणून लवकर सोडलेलं बरं.

झोपेसाठी म्हणून डॉक्टरनं मेलाटोनिन लिहून दिलं तर द्या, फक्त भाऊ फ्लुवोक्सामिन हे डिप्रेशनचं औषध घेत असेल तर आधी सांगा, त्यानं रक्तातलं मेलाटोनिन खूपच वाढतं. व्यसनासाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, घरच्यांनी लावला तरी बोलतात. भाऊ तयार नसेल तर पहिला फोन तुम्हीच लावा.