जनुकातला दोष आणि स्तनाचा कर्करोग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आईला ४१व्या आणि मावशीला ४६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. माझे वय २८ आहे. मी ‘बीआरसीए’ (स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुके) तपासणी करून घ्यावी का? (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : तपासणी जरूर व्हावी, पण आधी आईची. तिच्या रक्तात दोष सापडला, तर नेमका तोच दोष तुमच्यात आहे की नाही हे खात्रीने सांगता येते. आईला वगळून तुमचा अहवाल निर्दोष आला, तर दोष तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, की तो भलत्याच जनुकात दडलेला आहे, हे कळायला मार्ग उरत नाही.

बीआरसीए १ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले आणि १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष हाती लागले. १३व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए २ त्याच्या पुढच्या वर्षी. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की शाबूत प्रत पाहून ते बिनचूक सांधण्यासाठी या जनुकांची प्रथिने लागतात. चादरीच्या नक्षीतले धागे तुटले, तर आपला विणकर शेजारची शाबूत नक्षी पाहूनच ते जोडतो. नुसती गाठ मारली तर चादर धरून राहते, पण नक्षी चुकते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. तुम्हाला वारशाने सदोष प्रत मिळाली असली, तरी दुसरी प्रत हे काम सांभाळत असते. एखाद्या पेशीत तीही निकामी झाली की चुका साठू लागतात. असा दोष असलेल्या स्त्रियांपैकी १०० पैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. धोका मोठाच आहे, पण उरलेल्या ३० जणींनाही विसरू नका. दोष निघाल्यास साधारण पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय करतात, त्यामुळे तुमच्या वयाला ही चौकशी मुळीच लवकर नाही.

प्रश्न : आत्याला अंडाशयाचा कर्करोग होता. डॉक्टरांनी मात्र फक्त आईकडचीच माहिती विचारली. ते पुरेसे आहे का? (बार्शी)

उत्तर : नाही. हा दोष वडिलांकडूनही तितकाच, म्हणजे निम्म्या शक्यतेने येतो. वंशावळ काढताना आम्ही पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढतो आणि आजारी व्यक्तीचे चिन्ह काळे करतो. वडिलांच्या बाजूला एकामागून एक कोरे चौकोनच असले, की घराणे निरोगी भासते. प्रत्यक्षात पुरुषांना स्तनाचा कर्करोग क्वचितच होत असल्याने तो दोष एकाकडून दुसऱ्याकडे गुपचूप उतरत आलेला असू शकतो. अंडाशयाच्या कर्करोगाचे एक काळे वर्तुळसुद्धा तपासणीला पुरेसे कारण आहे. आत्याची हकीकत पुढच्या भेटीत आपणहून सांगा.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ‘टीएसजी १०१’ या जनुकाचे नावच ‘अर्बुद-प्रवणता जनुक’ आहे. मग त्याची तपासणी का होत नाही? (सोलापूर)

उत्तर : नावाने फसू नये, याचा हा उत्तम नमुना. १९९६ मध्ये उंदरांच्या पेशींमध्ये हे जनुक निष्क्रिय केल्यावर त्या अर्बुदातल्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींसारख्या वागू लागल्या, म्हणून हे नाव पडले. १९९७ मध्ये तर स्तनाच्या १५ पैकी ७ अर्बुदांत त्याचे तुकडे गळाल्याचे प्रसिद्ध झाले. इतरांनी तपासले तेव्हा डीएनए शाबूत निघाला. आखूड झाले होते ते आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली नक्कल, आणि तसले आरएनए निरोगी पेशींतही आढळतात. पुढे उंदरांतून हे जनुक पूर्ण काढल्यावर अर्बुदे झाली नाहीत, उलट भ्रूणच जगले नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावरचे संदेशग्राहक आत घेऊन नष्ट करण्यासाठी पाठवणे, हे त्याचे खरे काम. एचआयव्ही विषाणू पेशीबाहेर पडताना हीच यंत्रणा वापरतो. कुटुंबातला धोका ठरवण्यासाठी त्याची तपासणी करण्याला आधार नाही.

प्रश्न : माझ्या बीआरसीए २ जनुकात दोष सापडला आहे. मुलीचे लग्न माझ्या भावाच्या मुलाशी ठरत आहे. घरचे म्हणतात, सध्या कुठे बोलू नको. (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : ताई, हे लपवू नका. तुमच्या मुलीत हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तो तुम्हाला आईवडिलांकडून आला असेल, तर भावाच्या मुलात असण्याची पाव. दोघांतही निघाला, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक राहते आणि त्यातून फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होतो. आपल्याकडे मामाच्या घरात मुलगी देण्याची रीत जुनी आहे, तिला दोष देण्याचे कारण नाही. पण दोघांची तपासणी सुपारी फुटण्याआधी व्हावी. एकाचा जरी अहवाल निर्दोष आला, तरी अपत्याला हा आजार होण्याची भीती उरत नाही. मुलगी सज्ञान असेल तर निर्णय तिचा आहे, म्हणून समुपदेशनाला जाताना तिला सोबत न्या आणि तुमच्या अहवालाची मूळ प्रत बरोबर ठेवा. त्यावर लिहिलेला नेमका बदलच प्रयोगशाळेला तिच्या नमुन्यात शोधायचा असतो.