टाचेमागची शीर (अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी) दुखावली आहे. पूर्ण विश्रांती घेतली तर घरीच बरी होईल का? बर्फ लावू की शेकू?

बर्फ की शेक यात अडकू नका, ज्याने बरं वाटेल ते करा. त्याने ठणका कमी होतो, शीर काही भरून येत नाही. 'पूर्ण विश्रांती' हे शब्द वाचून मात्र माझी टाच पुन्हा दुखायला लागली.

पळण्याचं अंतर मी एका आठवड्यात दुप्पट केलं होतं. मग रोज सकाळी पलंगावरून उतरलो की बाथरूमपर्यंत भिंत धरून जायचो. टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर शीर चिमटीत धरली की जाड लागायची आणि पाऊल वरखाली केलं की बोटाखाली करकरायची. दादा म्हणाला, "पडून राहा, पाय हलवू नकोस." दादा म्हणजे आमच्या घरातला बिनपदवीचा डॉक्टर. सहा आठवडे ऐकलं. दुखणं गेलं, श्रेय दादाने घेतलं. पहिल्याच दिवशी पळायला गेलो तर पाचव्या मिनिटाला तीच कळ! दादा म्हणतो, "अजून महिनाभर पडायला हवं होतंस."

शेवटी फिजिओथेरपिस्टने पायरीवर उभं केलं. दोन्ही चवड्यांवर टाचा उचलायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. गुडघा ताठ ठेवून १५ चे ३ सेट, गुडघा किंचित वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांची ही १९९८ सालची पद्धत. दिवसाला १८० वेळा होतात. मी जिन्यात मोठ्याने मोजायचो, दादाला ऐकू जावं म्हणून. "दुखऱ्या शिरेला आणखी ताणतोस? तुटेल एक दिवस," असं तो रोज ऐकवायचा. नाही तुटली. पुढे पुढे तर पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन करत होतो.

शिरेला मुळात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे सगळं सावकाश चालतं. तिच्यावर बेताबेताने भार पडला तरच ती मजबूत होते. पडून राहिलं की शीरही कमकुवत आणि पोटरीही. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर भार कमी करायचा. किती दिवस लागतील? दिवस नाही, महिने धरा.

हे आधीच सांगायला हवं होतं: 'फट्' असा आवाज आला असेल, मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल किंवा त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर घरगुती काही करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिक गोळ्या चालू असताना दुखायला लागलं तरीही डॉक्टरांना लगेच विचारा. आणि अगदी टाचेच्या हाडापाशीच दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा. पहिले काही दिवस पळणं-उड्या बंद ठेवायच्या, एवढ्यापुरता दादा बरोबर होता.

सध्या दादाचं कोपर दुखावलंय. तिसरा आठवडा, हात गळ्यात अडकवून बसलाय. व्यायाम सांगायला गेलो तर म्हणाला, "कोपराचं वेगळं असतं."