मांगरातला लष्करी ट्रक: इंजिनाआधी चाकं बघा

आगोट म्हणजे पावसाळ्याची तयारी जवळ आली की मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये), माडाखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या लष्करी ट्रकांची लोकांना आठवण होते आणि तेच प्रश्न पुन्हा येतात.

प्रश्न (देवगड): आजोबांनी लिलावात घेतलेला पेट्रोल ट्रक पंधरा वर्षं बंद आहे. इंजिन जाम. जेसीबीने ओढून गिअर टाकला की सुटतं म्हणतात.

उत्तर: असं सुटत नाही, मोडतं. पिस्टनच्या रिंगा तुटतात, रॉड वाकतो. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल सोडा, आठ दिवस थांबा. मग इंजिनाखालच्या चेंबरचं ऑइल बदला आणि प्लग न लावता हँडलने बेताने फिरवून बघा. अडलं तर थांबा. हेड उतरवायचं का, ते मेस्त्रीने समोर बघून ठरवावं.

प्रश्न (राजापूर): टाकीत जुनं पेट्रोल आहे. वरून नवं भरू?

उत्तर: नको, टाकी रिकामी करा. नळ्याही बदला, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं.

प्रश्न (कुडाळ): टायर बसलेत. पंक्चरवाला म्हणतो, तासाभरात रिम खोलून देतो.

उत्तर: त्याला आधी थांबवा. युद्धकाळातल्या बऱ्याच ट्रकांची रिम दोन तुकड्यांची असते. नटांची एक रांग चाक हबला धरते, दुसरी ते दोन तुकडे एकमेकांना. टायरमध्ये हवा असताना दुसरी रांग सैल केली तर रिम उडते आणि समोरचा माणूस जातो. नंतरच्या ट्रकांची लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी, तीही तितकीच घातक. ट्यूबलेसवर हात बसलेल्या पोराला हे कुणी शिकवलेलंही नसतं. म्हणून आधी व्हॉल्व्हची पिन काढा, भोकातून तार घालून बघा; गंजाने भोक बुजलं असेल तर हवा आतच राहते. आपल्याकडचा खारा वारा रिंगेची खाच खातो आणि विकणारे त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात. असा एक रंग मी खरवडला, तर खालचं लोखंड पापुद्र्यांनी हातात आलं. खाल्लेल्या रिमला वेल्डिंग करू नका, टाकून द्या. हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळीने, बाजूला उभं राहून. पिंजरा असलेल्या जुन्या ट्रक-टायरवाल्याकडेच जा, चार दिवस लागले तरी.

प्रश्न (मालवण): बॅटरी १२ व्होल्टची चालेल?

उत्तर: गाडीवरची पाटी आणि वायरिंग बघून ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा, ६ आणि २४ व्होल्टच्याही असतात.

प्रश्न (चिपळूण): २०२१च्या पुरात बुडालेला ट्रक चालू झाला. बाजारपेठेपर्यंत नेऊ?

उत्तर: नाही. पाणी गिअरबॉक्समध्ये, डिफ्रन्शियलमध्ये, चाकातल्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्येही गेलं असणार. या गाड्यांना बहुधा ब्रेकची एकच लाइन असते. एक सिलिंडर गळला की सगळा ब्रेक जातो. आधी ब्रेकवाल्याकडून सगळं उघडून घ्या.

प्रश्न (गुहागर): मूळचा लष्करी हिरवा रंग देऊ ना?

उत्तर: नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरताच राखून ठेवतो. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या खासगी चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळू शकते, पण रोजच्या वापरासाठी नाही. तुमच्या ट्रकला ती लागू होते का, हे लिलावाची पावती घेऊन आरटीओत विचारा, आणि ते रंगाचा डबा आणण्याआधी.